योन्सची काठी

"पन्नास, साहेब! तिन्ही वेळा पन्नासच!" हॉलिस क्रेनने टेबलावर थाप मारली. "जानेवारीत हिच्या खिडकीतून डोकावलो, तेव्हा छपराखालच्या आडव्या काठीत ओवलेल्या भाकऱ्या मोजल्या. पन्नास. मार्चमध्ये पन्नास, मेमध्येही पन्नास. एक कमी नाही. घरात माणूस नाही, धूर नाही. नवरा गेला त्या दिवसापासून ही बाई तिथं राहतच नाही. सहा महिने घर सोडलं की जमिनीवरचा हक्क सुटतो. मी कायद्याचंच बोलतोय."

जमीन-कचेरीच्या बाकावर ब्रीता ताठ बसली होती. इंग्रजी तिला बोलता येत नसे, समजे मात्र बरंचसं. पन्नास हा आकडा तर चांगलाच समजला. शेजारचे म्हातारे ऑगुस्टकाका दुभाषे म्हणून आले होते. दोघांच्या पायाशी जुन्या पांघरुणात गुंडाळलेली एक लांब काठी होती.

ब्रीता आणि योन्स स्वीडनहून डाकोटाच्या या माळावर आले, त्याला आता पाच वर्षं होत आली होती. एकशेसाठ एकर. पाच वर्षं राहायचं, कसायचं, मग जमीन आपली. घर बांधायला लाकूड नव्हतं, म्हणून दोघांनी माळाच्याच गवताळ ढेपा कापून भिंती रचल्या, छपरही ढेपांचंच घातलं. योन्सने नांगर धरला, ब्रीताने बैल हाकले. पहिल्या वर्षी दोन फाळ मोडले, तिसऱ्या वर्षी विहिरीला पाणी लागलं. आणि डिसेंबरात योन्स तापाने गेला. आता क्रेनचा अर्ज खरा ठरला, तर घर, विहीर, नांगरलेलं रान आणि विहिरीपलीकडची योन्सच्या थडग्याची सहा फूट जागा, सगळं त्याचं होणार होतं.

साहेबांनी चष्मा वर सरकवला. "बाई, हे म्हणतात ते खरं?"

ब्रीता उठली. "पन्नास होत्या, हे खरं आहे."

ऑगुस्टकाका दचकले. "अगं पोरी, हे काय बोलतेस? त्याला तेवढंच तर हवंय!"

"आहे तसं सांगा, काका. पदरचं काही घालू नका."

काकांनी नाइलाजाने सांगितलं. क्रेन खुर्चीत मागे रेलला.

ब्रीताने खाली वाकून पांघरूण सोडलं आणि काठी टेबलावर ठेवली. तिच्यात मधोमध भोक असलेल्या, ताटाएवढ्या, राय धान्याच्या पाच कडक भाकऱ्या ओवल्या होत्या.

"आमच्याकडे भाकऱ्या रोज भाजत नाहीत, साहेब. वर्षातून दोनदा भाजतो, वाळवतो आणि काठीवर ओवतो. ऑक्टोबरात भाजल्या त्या दोघांना जूनअखेरपर्यंत पुरतील अशा. योन्स गेला तेव्हा शंभर उरल्या होत्या. मी सरळ दोन वाटे केले. पन्नास त्याच्या काठीवर, खिडकीपाशी. पन्नास माझ्या काठीवर, कोपऱ्यात चुलीच्या वर. ती खिडकीतून दिसत नाही. माझ्या वाट्यातल्या या पाच राहिल्या."

"आणि त्याच्या?"

"त्याच्या त्याच्याच आहेत. त्यानं नांगरलं, त्यानं पेरलं. त्याच्या वाट्याला मी कसा हात लावू?"

साहेबांनी एक भाकरी टेबलाच्या कडेवर वाजवून पाहिली. टक, टक. "ही खातात?"

"दात असतील ते चावतात, साहेब, नसतील ते कॉफीत बुडवतात," ऑगुस्टकाका म्हणाले. "बैलाचा नाल हरवला तर तिथंही चालेल."

आपापल्या कामासाठी येऊन मागच्या बाकावर बसलेले शेतकरी हसले. क्रेन मात्र हसला नाही. "गोष्ट झकास रचलीये! पाच भाकऱ्या काय, कालसुद्धा ओवल्या असतील."

तेव्हा ब्रीता पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. "काका, याला एवढंच विचारा. खिडकीतल्या भाकऱ्यांवर माती होती का?"

"माती?" क्रेन म्हणाला. "छे! स्वच्छ होत्या. माती असती तर मला काचेतून मोजता आल्या असत्या का?"

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं आणि पाहता पाहता सगळा बाक गदगदा हलू लागला. क्रेन राहायचा गावातल्या फळ्यांच्या घरात. बाकावरच्या प्रत्येकाने मात्र ढेपांच्या छपराखाली वर्षं काढली होती.

साहेबही ओठ दाबून बसले होते. "मिस्टर क्रेन, मी ढेपांच्याच घरात वाढलो. रांधताना आमची आई कढईवर छत्री धरायची. छपरातून रात्रंदिवस माती झरते. सहा महिने ओसाड पडलेल्या घरात पन्नास भाकऱ्या स्वच्छ? मग त्या पुसत कोण होतं?"

साहेबांनी क्रेनचा अर्ज पुढ्यात ओढला.

"तुम्ही तिथं गेलात ते कोणत्या वारी?"

"रविवारी. सकाळी. एरवी मला कामं असतात."

"घ्या!" ऑगुस्टकाकांनी गुडघ्यावर हात मारला. "रविवारी सकाळी आम्ही झाडून सगळे माझ्या खळ्यात प्रार्थनेला असतो. तेव्हा पाहिलं तर अख्खा माळच ओसाड दिसेल, बाबा!"

"बाई," साहेबांनी विचारलं, "तुम्ही पुसत होता?"

"दर शनिवारी. एकेक उतरवून." ब्रीताने मान वर केली. "घरधन्याची भाकरी मळलेली मला चालत नाही."

साहेबांनी क्रेनच्या अर्जावर आडवी रेघ मारली. "अर्ज फेटाळला. पुढच्या महिन्यात पाच वर्षं पुरी झाली की या, बाई. जमिनीचा कागद तुमच्या नावाने होईल."

दुपारी ऑगुस्टकाकांची गाडी ब्रीताच्या दाराशी थांबली. राय गुडघ्याच्या वर आली होती. तिचं हे पाचवं पीक, आणि योन्सच्या हाताने पेरलेलं शेवटचं. काका उतरायला तयार नव्हते. "दमलीस तू. मी निघतो."

"आज जमीन राखली, काका. आज या घरातून कुणी रिकाम्या तोंडाने जायचं नाही."

तिने कॉफी उकळली. कॉफी गोड लागावी म्हणून काकांनी साखरेचा खडा दातांत धरला. ब्रीता चुलीवर पुन्हा टांगलेल्या आपल्या काठीकडे वळली, थबकली, मग खिडकीपाशी गेली. योन्सच्या काठीवरून तिने एक भाकरी उतरवली, एप्रनने पुसली आणि काकांसमोर ठेवली.

काकांचा हात बशीवरच थांबला. "ही तर त्याची..."

"होय. घरी पाहुणा आलाय. घरधन्याकडची आहे, खा."

काका हळूहळू चावू लागले. छपरातून चिमूटभर माती झरली. ब्रीता स्टुलावर चढली आणि उरलेल्या एकोणपन्नास भाकऱ्या एकेक करून पुसू लागली. तो दिवस शनिवार नव्हता.