ताईंची लाळ आणि माझा आकडा

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना मापक आहे. लाळ, अश्रू, रक्त यांत रोगाशी लढणारी प्रथिने किती आहेत, ते मी सांगतो. नमुन्यात औषध घातले की तो पिवळा होतो. प्रथिन जितके जास्त, तितका रंग गडद. तो पाहून मी आकडा छापतो. मला एवढेच येते.

रोज सकाळी आधी माझी परीक्षा होई. तपासनीस काका स्वतःचीच लाळ मला देत. आकडा शंभराच्या आसपास आला की म्हणत, "शाबास रे गड्या, चल, लागू कामाला." अकरा वर्षे असेच चालले.

काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी ताई आल्या. रीत तीच राहिली, लाळ मात्र ताईंची. आकडा आला पस्तीस. दुसऱ्या दिवशी चौतीस.

"याला दिसेनासं झालंय वाटतं," ताई म्हणाल्या.

"अगं, वय झालं त्याचं. नवीन आलंय ना आता," प्रमुख बाई म्हणाल्या. माझ्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लागली. सोमवारी भंगारवाला येणार होता.

नवे यंत्र समोरच्या काचेच्या खोलीत बसले होते. ते जनुके वाचते. त्याला गार हवा लागते, धूळ चालत नाही. त्याच्याकडे जाताना लोक चपला काढतात. माझ्यासाठी कुणी कधी चपला काढल्या नाहीत. खरे सांगतो, मी जळत होतो. ते बंद पडावे, असे रोज मनात येई. कधी वाटे, आपलेच चुकत असेल. पण मला दिसत होते ते पस्तीसच.

शनिवारी ताईंनी सरावासाठी त्या यंत्राला स्वतःचा नमुना दिला. निकाल त्यांनी दोनदा वाचला. त्यांच्या एका जनुकात एक अक्षर वेगळे होते. ते ज्यांच्यात असते, त्यांच्या लाळेत हे प्रथिन जन्मापासूनच कमी असते.

"बाई, मापक बरोबर आहे. माझ्यातच कमी आहे."

"तरीच तुझा घसा सारखा धरतो की काय? आणि आपण त्या बिचाऱ्याला मोडीत काढत होतो."

चिठ्ठी निघाली. मी वाचलो, पण वाचवले त्या नव्या यंत्राने, हेच मला सोसवत नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राचा आकडा पटला नाही, तर नमुना कुणाचा होता तेही एकदा बघा. त्या शेजाऱ्याचे आभार मानायला हवेत, हे मला कळते. अजून मानलेले नाहीत.