अर्धी चिमूट

गवंड्याने दिवाणखान्याच्या फरशीवर खडूने रेघ ओढली, तशी टिटवी त्या रेघेवर जाऊन बसली आणि उठेचना.

टिटवी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी तिने गळा काढला की अख्खी गल्ली गोळा व्हायची, म्हणून काकाने ठेवलेलं नाव. पंधरा वर्षांची झाली तरी ते सुटलं नव्हतं. एरवी मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायची तिची छाती नसायची, पण यंदा शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिने ढाल पटकावली होती. तेव्हापासून आपण बोललो की समोरच्याला पटतंच, असा तिचा पक्का समज झाला होता.

घराचे दोन भाग होणार होते. अलीकडे बाबा, पलीकडे काका, मध्ये विटांची भिंत. दहा महिने दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि सगळं आलं होतं एका वाक्यावरून. आजीला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा बाबा परगावी लाकूड बघायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ताच्या आत्ता करायला हवं. काकाने सही केली. आजी त्यातून उठली नाही. बाबा धापा टाकत आले आणि व्हरांड्यात सगळ्यांदेखत काकाला म्हणाले, "तू मारलंस तिला. मला एक शब्द विचारला नाहीस."

काकाने उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

तर टिटवी रेघेवर मांडी ठोकून बसली आणि गवंड्याला म्हणाली की विटा परत न्या, इथे माशांची टाकी येणार आहे. ही कल्पना तिला सुचली दातांच्या डॉक्टरांकडे. तिथे बसायची जागा आणि आतली खोली यांच्यामध्ये भिंत नव्हती, पाणवनस्पतींनी भरलेली लांबलचक टाकी होती. तिकडच्या माणसाचा चेहरा हिरव्या पानांतून दिसत होता आणि भूल दिल्यामुळे तोंडात भुसा भरल्यासारखं होऊनही टिटवीला तो मोठा प्रेमळ वाटला होता. आपल्याकडेही असंच होईल, असं तिने मनात घेतलं. दोघे रोज एकमेकांचं तोंड बघतील, किती दिवस गप्प राहतील?

बाबांना तिने सांगितलं की टाकी म्हणजे भिंतच, फक्त पाण्याची. काकाला वेगळं गाठून तेच सांगितलं. दोघांनीही आढेवेढे घेतले आणि दोघांनीही शेवटी खांदे उडवले. खरं म्हणजे दोघांचे हात शिवशिवत होते. बाबा सुतार, काका काचेचं काम करणारा. आजवर लोकांच्या घरात दोघांनी मिळून किती दारं-खिडक्या बसवल्या असतील, पण स्वतःच्या घरात एकत्र असं काही केलं नव्हतं.

मग टिटवीचं पोस्टमनपद सुरू झालं. दोघे एकाच खोलीत, हातभर अंतरावर, आणि बाबा तिला म्हणायचे, त्याला सांग की स्टँड सात फूट लांब आणि दीड फूट रुंद होतोय. काका शेजारीच टेप धरून उभा. तो तिला म्हणायचा, दादाला सांग, दोन फुटांच्या उंचीला बारा मिलिमीटरची काच लागेल, आणि भरल्यावर सहाशे लिटर पाणी होईल, म्हणजे स्टँड फरशीखालच्या तुळईच्या बरोबर वर यायला हवा. टिटवी मान इकडून तिकडे वळवून सगळं पुन्हा सांगायची. आई म्हणायची, मानेला मलम लाव गं, नाहीतर टाकी होईतो वाकडी होशील.

काकाने काचांच्या कडा घासल्या, सिलिकॉनने जोडल्या आणि आठ दिवस त्यांना कुणाला बोट लावू दिलं नाही. बाबांनी पाणपातळी ठेवून स्टँड असा तोलला की बुडबुडा मधून केसभरही हलेना. दोन्ही बाजूंना उरलेल्या जागेत कपाटं आली. टाकीच्या वर छतापर्यंत फळ्या आल्या, आणि त्या फळ्यांत दोन झडपा, एक इकडून आणि एक तिकडून, म्हणजे दोन्ही घरांना आत हात घालता यावा. टाकी स्टँडवर चढवताना मात्र चार हात लागले. दोघांनी दोन टोकं धरली. "हं," बाबा म्हणाले. "हं," काका म्हणाला. इतक्या महिन्यांत भावाभावांत झालेलं तेवढंच बोलणं. टिटवीने त्याची तारीख वहीत लिहून ठेवली.

आतली मांडणी तिची. अशा टाकीला पाठ नसते, दोन्हीकडे तोंडच. म्हणून तिने आलेखाच्या कागदावर आखणी केली होती. उंच, रिबिनीसारख्या पानांचं गवत फक्त दोन्ही टोकांना, त्याच्या आत रुंद पानांची झाडं, आणि मधोमध बोटभर उंचीची हिरवळ. त्या मधल्या फटीतून बाबांच्या खुर्चीवरून काकाची खुर्ची सरळ दिसायची. अंगणात आजीने लावलेला पेरू वाळून गेला होता. त्याचं मूळ खणून, उकळून, तीन आठवडे पाण्यात बुडवून तिने ते आत ठेवलं. ते फांद्या पसरून असं बसलं, की काकू बघून आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

महिनाभर पाणी नुसतं मुरू दिलं. मग बावीस मासे आले, बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळी रेघ असलेले. काकाची पाच वर्षांची छोटी तिकडून काचेला नाक लावायची, टिटवी इकडून. आणि बाबा, जे रोज संध्याकाळी घरात असून नसल्यासारखे असायचे, ते चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसू लागले. त्याच वेळी तिकडे काकाही. दोघे माशांकडे बघत. कधी एखादा मासा मधल्या हिरवळीवरून जाई, त्याच्यामागे दोघांचीही नजर जाई, आणि मग नजर नको तिथे पोचल्यासारखी दोघे पुन्हा कपात बघत. टिटवीला वाटे, झालंच आता. अजून एक आठवडा.

आणि तिथेच तिने जरा जास्तच हुशारी केली. मासे एकाच्या भरवशावर ठेवले तर दुसरा परका राहील, असं तिचं गणित. म्हणून तिने बाबांना खाद्याचा एक डबा दिला, काकाला दुसरा. सकाळी बाबांनी अर्धी चिमूट टाकायची, संध्याकाळी काकाने अर्धी. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते माशांना सोसत नाही, म्हणून टाकीतलं पाणी बदलायला मागच्या दारी दोनशे लिटरचं पिंप भरून ठेवायचं, ते एक दिवस आणि एक रात्र उघडं राहिलं की मगच टाकीत घ्यायचं. हे सगळं तिने दोघांना वेगवेगळं समजावलं आणि मध्ये निरोप द्यायला ती होतीच.

मग शाळेचं दहा दिवसांचं शिबिर निघालं आणि निरोप द्यायला कुणी राहिलं नाही.

ती परत आली तेव्हा खांद्यावरची पिशवीही न उतरवता आधी टाकीपाशी गेली. पानं तशीच होती, हिरवीगार. दिवा लागलेला. पाणी जरा धुरकट. मासा एकही नव्हता. तिने मुळाच्या मागे बघितलं, गवतात बघितलं, वाकून खालून बघितलं. बाबा खुर्चीत बसले होते. तिकडच्या खुर्चीत काका होता. दोघांपैकी कुणीच तिच्याकडे बघेना.

आईने तिला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं ते एवढंच, की दोन दिवसांपूर्वी सकाळी उठून बघतात तो सगळे मासे वर तरंगत होते, आणि काकाने ते पेरूच्या खड्ड्यात पुरले. छोटी रडून रडून तापली होती. आणि हो, काका काम करतो त्या काचेच्या कारखान्याच्या मालकाने त्याला कधीपासून दोन खोल्या देऊ केल्या होत्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला. काल काकाने होकार कळवला. हे घर माझ्या हाताला लाभत नाही, म्हणाला.

टिटवी रडली नाही. ती उठली आणि डबे बघितले. दहा दिवसांत बोटभर खाद्य संपायला हवं होतं, इथे दोन्ही डब्यांचा तळ दिसत होता. मग ती मागच्या दारी पिंपापाशी गेली. मग आईला, मग काकूला एकेक प्रश्न विचारत गेली आणि हळूहळू सगळं तिच्या समोर आलं.

ती नाही म्हटल्यावर बाबांना वाटलं, काका कामाच्या गडबडीत विसरेल, मासे उपाशी राहतील बिचारे. ते त्याच्या वाटणीचंही टाकू लागले. काकाला वाटलं, दादा विसरेल. तोही टाकू लागला. उरलेलं खाद्य कुजलं, पाणी पांढरं झालं. मासे मेले त्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांनी पिंपातलं पाणी टाकीत घेतलं आणि शहाण्या माणसासारखं पिंप नळाने पुन्हा भरून ठेवलं. संध्याकाळी काका कामावरून आला, पाणी गढूळ दिसलं, पिंप काठोकाठ दिसलं. त्याला वाटलं, हे कालचंच, मुरलेलं. त्याने टाकीतलं तेवढंच पाणी उपसलं आणि ते पुरतं आत ओतलं.

दोघांनीही जीव लावून केलं होतं. फक्त एकाने दुसऱ्याला विचारलं नव्हतं.

टिटवी बाहेर आली आणि टाकीच्या इकडे उभी राहून तिने बाबांना हे सगळं सांगितलं. वादविवादात बोलायची तसं बोलायचं तिने ठरवलं होतं, पण ती नुसती घडलं तसं सांगत गेली. बाबा ऐकत राहिले. पिंपाचं ऐकलं तेव्हा त्यांनी हातातला कप खाली ठेवला. ते म्हणाले, "त्याला सांग, पिंप मी भरलं होतं."

टिटवीने मान फिरवली नाही. काका तिथेच होता, मधल्या फटीतून त्याचे गुडघे दिसत होते. एवढंसं तर सांगायचं होतं.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "मी सांगत बसले म्हणूनच झालं हे."

बाबा उठले. टाकीच्या पंपाची घरघर त्यांनी बटण दाबून बंद केली. झडप उघडली आणि पाण्यावर तोंड नेलं. तिकडे काकाने मान वर केली. त्याला वाटलं असेल, दादा काही साफ करतोय. मग काय वाटलं कोण जाणे, तोही उठला आणि त्याने आपली झडप उघडली.

"पिंप मी भरलं होतं," बाबा पाण्यावरून म्हणाले. "सकाळी. तुला सांगायला हवं होतं."

टिटवीला काकाचा नुसता हात दिसत होता, झडपेच्या कडेवर ठेवलेला.

"मी तरी कुठे विचारलं," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "आईच्या वेळी विचारणार होतो, दादा. फोन हातात होता. ते म्हणाले, पाच मिनिटं आहेत. मला वाटलं, तू नाही म्हणालास तर?"

बाबांनी झडपेच्या चौकटीला कपाळ टेकलं. ते लाकूड त्यांनीच तासलं होतं. "मी नाहीच म्हणालो असतो," ते म्हणाले. "तरी ती गेलीच असती."

"ते वर्षापूर्वीच म्हणायचं होतंस रे."

"हो."

टाकीतलं गवत, पंप बंद असल्यामुळे, सरळ उभं होतं. टिटवीला वाटलं होतं की हा क्षण आला की आपण टाळ्या पिटू. ती खाली बसली आणि तिने गुडघ्यात तोंड घातलं.

काका राहिला मात्र नाही. शब्द दिला होता, छोटीची शाळाही तिकडे ठरली होती, आणि काही गोष्टी बोलून झाल्या तरी त्याच खोलीत त्यांच्याबरोबर राहणं जमत नाही. निघायच्या दिवशी बाबांनी त्याचं कपड्यांचं कपाट स्वतः खोलून दिलं, स्क्रू कागदात बांधून दिले. काकाने टिटवीच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "टिटवे, आवाज कमी करू नकोस हं." त्याने खाद्याचा आपला डबा झडपेच्या कडेवर ठेवला.

पावसाळा सरता सरता बाबांनी नवे मासे आणले, बावीसच, आणि खाद्यही. पलीकडची खोली रिकामी होती. कुणी नसल्यामुळे तिकडे दिवा लागत नसे, आणि मधल्या फटीतून बघितलं की अंधारात टाकीचाच उजेड भिंतीवर हलताना दिसे.

एकदा सकाळी टिटवी दप्तर भरत होती. बाबांनी झडप उघडली, आपल्या डब्यातली अर्धी चिमूट घेतली आणि पाण्यावर सोडली. मासे वर आले. बाबा थोडा वेळ तसेच उभे राहिले, फटीतून पलीकडे बघत, जिथे काकाची खुर्ची होती तिथे.

मग त्यांनी हात लांबवून काकाचा डबा उघडला आणि त्यातली अर्धी टाकली.