उजव्या टोकाचं झाड

जत्रेत थ्रासोनने पाणी न घालताच वाइन ढोसली आणि भर पंगतीत आरोळी ठोकली, "मेलिन गावाची उजवी बाजू म्हणजे मी!" सेनापती दामारेत समोरच बसला होता. माणूस मोठा गुणग्राहक. त्याने लढाईच्या रांगेतली उजव्या टोकाची जागा तिथल्या तिथे थ्रासोनला देऊन टाकली.

मान मोठाच. अडचण एवढीच, की डाव्या हातातली ढाल अर्धं आपलं अंग झाकते आणि अर्धं डावीकडच्याचं. म्हणजे ज्याची त्याची उजवी कूस उजवीकडच्या शेजाऱ्याच्या भरवशावर. लढाईच्या दिवशी थ्रासोनच्या उजवीकडे फक्त वारा होता.

डावीकडे होते मोलोन, त्याचे होणारे सासरे.

"जावईबापू, ढाल जरा इकडे घ्या. माझी कूस उघडी पडतेय."

"मामा, माझी तर अख्खीच उघडी आहे."

"तुम्ही तरुण आहात. पोरीला सांगेन मी, शूर होता म्हणून."

"होता?"

तेवढ्यात चढाईचा पावा वाजला. समोरून शत्रू, म्हणजे शेजारच्या ओरोबा गावचे ओरोबाकर, भाले रोखून निघाले. त्यांच्या तळाशेजारी, उजव्या हाताला, थ्रासोनला एक जाडजूड ऑलिव्हचं झाड दिसलं. झाडाकडे ढाल नसते, पण झाड पळूनही जात नाही. तो चालता चालता उजवीकडे सरकला. त्याच्या ढालीमागे मोलोन सरकले, मोलोनच्या ढालीमागे त्यांचा शेजारी, आणि बघता बघता अख्खं मेलिन खेकड्यासारखं तिरकं चालू लागलं.

ओरोबाच्या उजव्या टोकालाही कोणीतरी थ्रासोन असणारच. तेही त्यांच्या उजवीकडे सरकत गेले. धूळ उडालेली, शिरस्त्राणाच्या फटीतून दिसतंय कुणाला! दोन्ही सैन्यं गर्जना करत, न भिडताच एकमेकांच्या शेजारून निघून गेली.

थ्रासोनने झाडाला कूस टेकवली, मग डोळे उघडले. समोर ओरोबाकरांची मसुराची आमटी रटरटत होती.

"रक्ताचा थेंब न सांडता शत्रूचा तळ घेतला!" दामारेत गहिवरला. "काय ती तिरकी चाल! थ्रासोन, उजवं टोक आता जन्मभर तुझं!"

"सेनापती," मोलोन म्हणाले, "ते तिकडे आपल्या तळावर आपलं चीज खातायत."

"खाऊ देत. आधी विजयस्तंभ कोण उभारतो, ते महत्त्वाचं. स्तंभावर शत्रूचं चिलखत टांगायचं, त्यासाठी तोडायला चांगला बुंधा बघा."

सगळ्यांनी माळावर नजर फिरवली. झाड एकच होतं.

कुऱ्हाडीचा पहिला घाव पडला तरी थ्रासोन बुंध्याला मिठी मारून उभा. लोकांना वाटलं, विजयाचा आनंद.

"सोडा त्याला, जावईबापू," मोलोन आमटी ओरपत म्हणाले. "पुढच्या उन्हाळ्यातल्या लढाईला मी आहे ना!"

"कुठे?"

"तुमच्या डावीकडे."