बिनफोडणीचं वरण

मनकर्णाबाईंनी आयुष्यात कधी कुत्र्याला घरात घेतलं नव्हतं. गावाकडे त्यांच्या वावरात दोन-दोन कुत्री असायची, पण ती गोठ्यापाशी. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की पाठीत फुंकणी बसते, हे कुत्र्यांनाही ठाऊक होतं आणि लेकरांनाही. त्यामुळे सून हर्षा जेव्हा म्हणाली, "आई, आपण एक कुत्री दत्तक आणू, तुम्हाला दिवसभर सोबत होईल," तेव्हा बाई दोन दिवस बोलल्याच नाहीत. नवरा गेल्यावर त्या नागपूरला मुलाकडे आल्या, त्याला चार वर्षं झाली होती. मुलगा रोहित आणि हर्षा सकाळी नऊला बुटीबोरीच्या कंपनीत जात, ते दिवेलागणीला परतत. मधल्या वेळात चौथ्या मजल्यावर बाई आणि टीव्ही. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आन बाई. पण माह्या देवघरात शिरली, तर मले बोलू नको."

आता एकदा हो म्हटल्यावर हातचं राखून काम करतील त्या मनकर्णाबाई कसल्या. रविवारी प्राण्यांच्या संस्थेतली सोनिका नावाची मुलगी कुत्रीला घेऊन आली, तेव्हा दारात औक्षणाचं ताट तयार होतं. बाईंनी कुत्रीच्या चारही पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं आणि पेढ्याचा तुकडा तोंडाशी धरला. नवी गाय घरी आणली तरी एवढं करतात, मग हिनंच काय घोडं मारलं होतं? मजल्यावरच्या सगळ्या बायका पाहायला आल्या. टाळ्या झाल्या, फोटो झाले, चिंगी असं नाव ठेवलं गेलं. कुत्री मातकट रंगाची, सात वर्षांची, तोंडाभोवती पांढरी झालेली. ती जागच्या जागी थरथरत उभी राहिली, आणि गर्दी जरा हलताच बाईंच्या खोलीतल्या दिवाणाखाली जाऊन बसली.

ती तिथून निघेचना. पहाटे सगळे झोपेत असताना गॅलरीत जाऊन यायची, दोन घोट पाणी प्यायची आणि पुन्हा आत. अन्नाला तोंड लावत नव्हती. हर्षानं डब्यातलं महागडं खाणं आणलं, अंडं उकडलं. रोहितनं दाबला की चिरकणारा रबरी चेंडू आणला. ऑफिसातून आल्यावर दोघं नवरा-बायको पालथे पडून दिवाणाखाली "चिंगी, चिंगी" करत राहायचे. शेजारच्या बायका येऊन वाकून पाहायच्या आणि आपापला उपाय सांगून जायच्या. बाई दुपारी दुधात पोळी कुस्करून वाटी आत सरकवत आणि संध्याकाळी तशीच बाहेर काढत. पाचव्या दिवशी कुत्रीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या, तेव्हा मात्र त्यांनी हर्षाला सोनिकाला फोन करायला सांगितलं.

सहाव्या दिवशी, शनिवारी, सोनिका पाहायला आली. तिनं दिवाणाखाली हात घालून कुत्रीची कातडी चिमटीत धरली, ओठ उचलून हिरड्या पाहिल्या.

"उद्या दहापर्यंत वाट पाहू," ती म्हणाली. "तोवर खाल्लं नाही, तर मला न्यावं लागेल. सलाईन लावावं लागेल."

"मंग बरी झाली की आनून देशीन ना?" बाईंनी विचारलं.

"आजी, याआधी एका घरून ती चौथ्या दिवशी परत आली होती. दोनदा परत आलेलं कुत्रं मग कोणी मागत नाही. आणि आमच्या शेडमध्ये साठ कुत्री रात्रंदिवस भुंकतात. खोटं कशाला बोलू? ती तिथे जगणार नाही."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "पन इले झालं तरी काय? कोनं मारलं होतं काय?"

"मारलं? नाही हो." सोनिकाला नवल वाटलं. "तिचा माणूस वारला ना. फॉर्मवर लिहिलं होतं मी."

मग तिनं सगळं सांगितलं. लकडगंजात एका लाकडाच्या टालावर वामनराव नावाचे चौकीदार होते. एकटेच. टालातल्या खोलीत त्यांची खाट, आणि खाटेखाली ही, पिल्लू होती तेव्हापासून. दिवाळीत त्यांची छाती कफानं भरली. मालकानं त्यांना धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं, ते आठव्या दिवशी तिथेच गेले. ही महिनाभर त्या खाटेखाली पडून होती. नंतर कोणी नातेवाईक आले आणि खाटही घेऊन गेले, तेव्हा मालकानं संस्थेला फोन केला. म्हातारा तिला काय नावानं हाक मारायचा, ते कोणालाच माहीत नव्हतं.

सोनिका गेल्यावर बाईंनी सुनेकडे पाहिलं. हर्षानं मान खाली घातली.

"मी वाचलं होतं, आई. पण मेलेल्या माणसाचं कुत्रं म्हटल्यावर तुम्ही अशुभ म्हणाल, घेऊच देणार नाही, असं वाटलं मला. म्हणून नाही सांगितलं."

बाई चिडल्या असत्या तर हर्षाला बरं वाटलं असतं. त्या दिवाणाच्या कडेवर बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सुतकातल्या जिवाले मी कुंकू लावलं वं. टाया वाजवल्या. काहून नाही सांगतलं मले?"

त्या रात्री त्यांना धड झोप लागली नाही. गावाकडे मयत झालेल्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारच्या बाया भाकर आणि बिनफोडणीचं वरण घेऊन जातात. त्याला कडू घास म्हणतात. तो द्यायचीही एक रीत असते. जेव म्हणून आग्रह करायचा नाही. डोळ्यांत डोळे घालून पाहायचं नाही. भिंतीशी बसायचं, आधी आपण एक घास खायचा, मग एक समोर ठेवायचा आणि गप्प राहायचं. कितीही वेळ लागला तरी. मनकर्णाबाईंनी आजवर कितीतरी घरी असा घास नेला होता. लोक म्हणत, मनकर्णा येऊन बसली की बंद झालेला गळा मोकळा होतो.

त्यांना स्वतःला मात्र तो कोणी दिला नव्हता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांच्या नवऱ्याला, मनोहररावांना, रोहितनं नागपूरला आणलं आणि अकराव्या दिवशी ते दवाखान्यातच गेले. घाटावर एकटा रोहित होता. गावात बाईंना स्वतःलाच ताप होता, फाटकाला फीत बांधलेली होती. शेजारच्या कौसल्येनं रस्त्यावरूनच हात जोडले आणि तोंडाला पदर लावून ती निघून गेली. दोष तरी कोणाला द्यायचा? दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई उठल्या आणि आपल्याच सुतकात आपल्याच हातानं त्यांनी चूल पेटवली. ती गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. रोहितनंही घाटावरचं कधी काही सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी आधी तो चेंडू आणि डबे उचलून कपाटात टाकले. शेजारणींना आज येऊ नका म्हणून सांगितलं. तुरीच्या डाळीचं वरण शिजवलं, फोडणी दिली नाही, मीठही घातलं नाही. ज्वारीच्या दोन भाकरी थापल्या. हर्षा ओट्यापाशी नुसती उभी राहून पाहत होती. ताट घेऊन बाई खोलीत गेल्या आणि दुखरे गुडघे कसेबसे मुडपून दिवाणाला पाठ लावून खाली बसल्या. कुत्रीकडे त्यांनी पाहिलं नाही. भाकरीचा एक तुकडा वरणात भिजवून बाजूला फरशीवर ठेवला, एक आपल्या तोंडात घातला.

तो घास काही केल्या खाली उतरेना. अळणी भाकर कितीदा खाल्ली होती त्यांनी, पण हा घास गळ्यापाशी येऊन थांबला. कसाबसा गिळला, आणि त्या दिवाणाखालच्या अंधाराला म्हणाल्या, "गेले वं ते. आता नाही येत." एवढी साधी गोष्ट त्या जनावराला आजवर कोणी सांगितली नव्हती. आणि बोलता बोलता मनकर्णाबाईंच्या ध्यानात आलं, की ती आपणही पहिल्यांदाच तोंडानं बोलतो आहोत. मग त्यांना रडू आवरलं नाही. चार वर्षांचं साचलेलं ते रडणं, ते काही नीटनेटकं नव्हतं.

रोहित दारात उभा होता. कुत्रीला नेण्यासाठी जुनी चादर काढून आणली होती त्यानं. आईला असं रडताना त्यानं पूर्वी पाहिलं नव्हतं. त्यानं ताटाकडे पाहिलं, बिनफोडणीचं वरण ओळखलं, आणि चादर खुर्चीवर टाकून तो आईच्या शेजारी फरशीवर येऊन बसला.

"त्या दिवशी घाटाबाहेर गाडीत बसून मी बिस्किटाचा पुडा खाल्ला, आई," तो म्हणाला. "भूक लागली होती मले. बाबा तिकडे जळून राहिले होते, अन् मी बिस्किटं खात होतो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. एक घास भिजवला आणि त्याच्यासमोर धरला. त्यानं तो खाल्ला आणि कपाळ आईच्या खांद्याला लावलं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण त्या वेळी तो लहान पोरासारखा रडत होता. दोघंही बराच वेळ तसेच बसून राहिले. कधीतरी बाईंच्या मांडीपाशी ओलसर, गरम श्वास लागला. फरशीवरचा तुकडा नाहीसा झाला होता. त्यांनी न पाहता दुसरा ठेवला. मग तिसरा.

बरोबर दहाला सोनिकाचा फोन आला. रोहितनं तो उचलून आईच्या कानाला लावला. "आजी, निघू का मी? खाल्लं का काही तिनं?" पलीकडून सोनिका विचारत होती.

"नको येऊ, बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "खाल्लं. आम्ही तिघांनीबी खाल्लं."