खडू लागलेला गोळा

मार्चच्या सभेत मी नेट्टा पर्डीच्या विरोधात मत दिलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. उद्या कुणी उकरून काढण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. प्रश्न साधा होता : हिरवळीवर गोळे खेळणाऱ्या आमच्या किलवार्डी बोलिंग क्लबच्या अजिंक्यपदासाठी बायकांनी उतरायचं की नाही. एकशे बारा वर्षं फक्त पुरुष उतरत आले होते. बायकांची स्पर्धा वेगळी, विजेत्यांचा फलकही वेगळा, आणि तो कोट टांगायच्या बोळात. मी म्हटलं, चाललंय त्यात काय वाईट आहे? आम्ही एका मताने हरलो. तरी आमच्यातल्या खमक्या मंडळींनी एवढं पदरात पाडून घेतलं की हा नियम या एकाच वर्षापुरता. ऑक्टोबरात पुन्हा मतदान.

नेट्टाने दुसऱ्याच दिवशी नाव दिलं. वय एकोणसत्तर. उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली बाई, मनगटं सुतारासारखी. बोळातल्या फलकावर आठ वेळा विजेती. नाव देताना सेक्रेटरीला म्हणाली, "मला हॉलमधल्या मोठ्या फलकावर यायचंय. ऑक्टोबरात तुम्ही दार लावून घेणार, ते मला ठाऊक आहे. म्हणून याच वर्षी."

आम्ही हसलो. मग ती पहिली फेरी जिंकली, दुसरी जिंकली, आणि उपांत्य फेरीत तिने आमच्या बँक मॅनेजरला असं धुतलं की तो महिनाभर क्लबात फिरकला नाही. आमचं हसणं आपोआप थांबलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी हंगामातले सगळे अंतिम सामने असतात. नेट्टाच्या समोर होता वॉटी हॅडो. वॉटी म्हणजे आमचा खाटीक, सहा वेळा क्लबचा विजेता, आणि गेली तीस वर्षं माझा दोस्त. खेळाडू अव्वल, पण जिभेला हाड नाही, आणि प्रेक्षक दिसले की त्याच्या अंगात येतं. मार्चमध्ये सर्वांत मोठ्याने तोच ओरडला होता. या सामन्यासाठी मार्कर कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा दोघांनीही माझंच, सँडी लेकीचं, नाव घेतलं. वॉटीने घेतलं कारण मी त्याचा मित्र. नेट्टाने का घेतलं ते मला तेव्हा कळलं नाही.

मार्करचं काम म्हणजे बोलक्या माणसाला शिक्षा. हिरवळीच्या पलीकडच्या टोकाला, जॅकपाशी उभं राहायचं. जॅक म्हणजे तो छोटा पांढरा चेंडू, ज्याच्या जवळात जवळ आपला मोठा गोळा नेऊन थांबवायचा. खेळाडूने विचारलं तर विचारलं तेवढंच सांगायचं. नाही विचारलं तर तोंडाला कुलूप. आणि एखादा गोळा धावता धावता जॅकला शिवला, तर त्याच्यावर खडूने खूण करायची. ही खूण म्हणजे गोळ्याचा विमा आहे. एरवी गोळा मागच्या चरात पडला की मेला, मार्कर तो उचलून काठावर ठेवतो. खडू लागलेला गोळा मात्र चरात पडला तरी जिवंत राहतो आणि मोजणीत धरला जातो.

दुपारी दोनला सुरू झालेला सामना चार वाजले तरी संपेना. एकवीस गुण आधी करील तो जिंकला. वॉटी पुढे, नेट्टा पुढे, पुन्हा वॉटी. समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता, तरी बाकांवरून कुणी हलत नव्हतं. वीस-एकोणीस अशी नेट्टा पुढे असताना वॉटीने एक गुण खेचला. वीस-वीस.

शेवटचा डाव. प्रत्येकी चार गोळे. आधी वॉटी, शेवटचा गोळा नेट्टाचा.

वॉटीचा पहिला गोळा डौलात वळत आला आणि जॅकच्या पुढ्यात, हातभर अंतरावर थांबला. टाळ्या पडल्या. नेट्टाने आपला गोळा फडक्याने पुसला, वाकली, सोडला. तो सुटताच मला घोळ कळला. आमच्या गोळ्याची एक बाजू जड असते, तो त्या बाजूला वळत जातो. गारठलेल्या बोटांनी पुसता पुसता तिने तो हातात उलटा फिरवला होता. गोळा जायचा उजवीकडून डावीकडे, तो निघाला उजवीकडेच. आणखी उजवीकडे. दोरी ओलांडून शेजारच्या पट्टीत जाऊन निवांत बसला.

असली चूक नवख्याने करावी. विजेतीने केली की गावभर होते. आमच्या क्लबात अशा वेळी बारमधली पितळी घंटा वाजवायची पद्धत आहे.

"नेट्टा, शेजाऱ्यांकडे चहाला गेला का गं तुझा गोळा?" बाकावरून कुणीतरी ओरडलं.

"घंटा! घंटा कुठंय रे? बारवाला झोपला की काय?" वॉटीला आता चेव आला होता. त्याने आपला दुसरा गोळा सोडला, तोही जॅकच्या डाव्या अंगाला सुरेख येऊन थांबला, आणि गडी लगेच हिरवळीकडे पाठ करून बाकांकडे वळला, दोन्ही हात पसरून. "अरे वाजवा की! की बाई आहे म्हणून माफी?"

 नेट्टाने दुसरा गोळा पुसला, या वेळी दोनदा बघितला, आणि सोडला. तो अर्ध्या वाटेवर असतानाच बारमधून घंटा वाजायला लागली. झाडून सगळे तिकडे वळले आणि हसत सुटले. आमच्या क्लबातलं कुत्रंसुद्धा तिकडे बघत होतं.

मी गोळ्याकडे बघत होतो. तो जॅकला घासून गेला. घासून म्हणजे किती? जॅक हलला नाही, नुसता शहारला. मग गोळा पुढे घरंगळला आणि चरात पडला.

खरं सांगतो, मी क्षणभर थांबलो. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. खिशातला खडू खिशातच राहिला असता तर माझ्याकडे बोट दाखवणारं कुणी नव्हतं. ऑक्टोबरात पुन्हा मत दिलं असतं आणि सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. मग मी समोर बघितलं. पलीकडच्या टोकाला नेट्टा गोळा सोडायच्या मॅटवर एकटी उभी होती, आणि फक्त तीच माझ्याकडे बघत होती. हातवारे नाहीत, ओरडणं नाही. शिवला असेल तर सँडी लेकी खडू लावणार, एवढा भरवसा धरून ती उभी होती. मला माझीच लाज वाटली. मी वाकलो आणि चरातल्या गोळ्यावर चांगली ठसठशीत फुली मारली.

वॉटी वळला तेव्हा मी सरळ उभा राहिलो होतो.

नेट्टाचा तिसरा गोळा तोकडा पडला. वॉटीने उरलेले दोन्ही पुढे आणून ठेवले, भिंत बांधल्यासारखे. शेवटचा गोळा टाकण्याआधी इकडे येऊन मांडणी बघायचा त्याला हक्क होता. चाळीस पावलं चालायची होती फक्त. किंवा नुसतं विचारायचं, "सँडी, चरात काय आहे?" मी लगेच सांगितलं असतं. पण नेट्टाचा मेलेला गोळा काठावर का दिसत नाही, हेही त्याच्या डोक्यात आलं नाही. तो बाकांवरच्या मंडळींना डोळा मारत होता.

नेट्टाने मात्र विचारलं. "सँडी, माझा चरातला गोळा जॅकच्या सरळ मागे आहे का?"

"वीतभर डावीकडे," मी म्हणालो.

तिने मान हलवली. वॉटी कान देऊन ऐकत असता तर त्याला तिथेच घाम फुटला असता.

मग तिने जे केलं ते मी तिला कधी करताना पाहिलं नव्हतं. दोन पावलं मागे गेली, आणि पूर्ण ताकदीने गोळा सोडला. वळण बिळण काही नाही, थेट. गोळा भिंतीच्या फटीतून आला, वॉटीच्या पहिल्या गोळ्यावर खाडकन आदळला आणि स्वतः बाजूला उडाला. वॉटीचा गोळा जॅकवर गेला, जॅक चरात पडला, आणि त्याच्या मागोमाग तो गोळाही चरात गेला. जॅक चरात पडला तरी डाव मोडत नाही, मोजणी तिथूनच होते.

जॅकला चार बोटांवर वॉटीचा गोळा, पण दुसऱ्याच्या धक्क्याने जॅकला लागलेल्या गोळ्याला खडू मिळत नाही, म्हणजे तो मेलेला. त्याच्या पलीकडे, वीतभर अंतरावर नेट्टाचा, पांढरी फुली मिरवत. आणि वर, हिरवळीवर, दोन हात दूर वॉटीचा दुसरा.

वॉटीला तेवढा एकच दिसत होता, आणि तेवढा पुरे होता. त्याने टोपी हवेत उडवली. बाकांवर एकच जल्लोष झाला. त्याने नेट्टापुढे हात केला. "मस्त खेळलीस हं. मनाला लावून घेऊ नकोस."

नेट्टाने हात हातात घेतला नाही. माझ्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "सँडी, गुण कुणाचा?"

फुली मारल्यापासून मी याच प्रश्नाची वाट बघत होतो.

"तुझा! तुझा एक! एकवीस-वीस!" मार्करने ओरडायचं नसतं. मी ओरडलो.

"काय बरळतोस?" वॉटी तरातरा चालत आला, पाठोपाठ अर्धा क्लब. तो चरापाशी वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"ही फुली कधी मारलीस?"

"तू घंटा ऐकत होतास तेव्हा."

त्याची मान लाल झाली. मला वाटलं आता हा तमाशा करणार. पण खेळाच्या बाबतीत वॉटी बेइमान नाही. तो उठला, गुडघे झटकले आणि नेट्टाला म्हणाला, "म्हणजे तो शेवटचा फटका तू ठरवून मारलास?"

"मग काय, डोळे मिटून मारला?"

"चालते व्हा सगळे," वॉटी आमच्यावर डाफरला. "आणि ऑक्टोबरात हिच्या विरोधात कुणी मत दिलं तर त्याला माझ्या दुकानात मटण मिळणार नाही. पुढच्या वर्षी हिला हरवल्याशिवाय मला झोप लागायची नाही." मग त्याने आपला रांगडा हात पुन्हा पुढे केला. या वेळी नेट्टाने तो दोन्ही हातांनी धरला. बायकांनी असा काही गलका केला की चर्चच्या मनोऱ्यावरचे कावळे उडाले. माझी बायको रडत होती आणि मला पाठीत बुक्के घालत होती. मीही डोळे पुसले, त्यात लपवण्यासारखं काय आहे? इतका आनंद मला मी स्वतः जिंकलो तेव्हाही झाला नव्हता.

हॉलमध्ये गेल्यावर सेक्रेटरीने वही काढली. फलक रंगवणाऱ्याला सोमवारी नाव द्यायचं होतं.

"नेहमीसारखंच लिहितो," तो म्हणाला. "मिसेस जे. पर्डी."

बोळातल्या फलकावर आठही वेळा तसंच लिहिलं आहे. बायकांची नावं नवऱ्याच्या आद्याक्षराने, अशीच आमच्याकडची रीत. तिथून रोज जाताना मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं.

नेट्टाने हातातला पेला खाली ठेवला.

"जॉन फार चांगला माणूस होता," ती म्हणाली. "पण त्याने आयुष्यात एकदाही गोळा हातात धरला नाही. नेट्टा लिही. पूर्ण लिही."