जबाब

गाडीखाली पाठीवर सरकत तिने टॉर्च पुढच्या ॲक्सलवर धरला. स्टेअरिंगची थरथर शोषणाऱ्या डॅम्परमधून तेल पाझरून त्यावर धुळीचा जाड लेप बसला होता. त्याचं विशेष काही नव्हतं. वीस वर्षांच्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपचा डॅम्पर गळायचाच. पण वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा जो लोखंडी दांडा असतो, तोच जागेवर नव्हता. बोल्टही तुटलेले नव्हते. पाना लावून नीट काढलेले होते.

ती तशीच पडून राहिली.

"काय म्हणतेय आमची म्हातारी?" बाहेरून कंत्राटदाराने विचारलं. "वेग घेतला की स्टेअरिंग नुसतं थरथरतं. उद्या बायकापोरांना घेऊन डोंगरावर जायचंय."

"डॅम्पर गेलाय. अर्ध्या तासाचं काम."

त्याने तिला ओळखलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी कोर्टात ती मागच्या बाकावर होती, आणि पुढे उभं राहून त्याने शपथेवर सांगितलं होतं, "मिस्त्री दांडा परत बसवायला विसरला." त्याची तेव्हाची जीप वळणावर उलटली होती, आत बसलेली एक शिक्षिका जागीच गेली होती. मिस्त्री म्हणजे तिचा दादा. तो सहा महिने आत राहून आला. त्यानंतर त्याने पान्याला हात लावला नाही. गॅरेज तिने चालवलं, नव्या जागी, नव्या पाटीखाली.

तिने नवा डॅम्पर बसवला. आता स्टेअरिंगची थरथर हाताला कळणारही नव्हती. गाडी ठणठणीत झाली असं समजून हा माणूस उद्या खुशाल डोंगराला लागला असता. काही सांगायची गरजच नव्हती. किल्ली द्यायला तिने हात पुढे केला.

मग मूठ मिटली. बायकापोरांनी तिचं काय घोडं मारलं होतं?

"बसा. एक चक्कर मारून बघू. मी चालवते."

खाणीच्या रस्त्याला वर्दळ नव्हती. पहिल्याच वळणावर जीप अशी कलली की कंत्राटदाराचा खांदा दारावर आपटला.

"स्टेअरिंग बघा, कसं लोण्यासारखं फिरतंय," ती म्हणाली आणि वेग आणखी वाढवला.

"अहो ताई, हळू! उलटेल! हिला दांडा नाहीये!"

"कुणी काढला?"

"मीच काढून घेतला. दगडाधोंड्यांत चाकं मोकळी खेळतात. थांबवा आता!"

"आणि त्या जीपचा? जिच्यात शिक्षिका गेली, तिचा?"

त्याने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. समोर पुढचं वळण येत होतं. तिचा पाय जराही सैल झाला नाही.

"तोही मीच," तो ओरडला. "गॅरेजमधून आणल्यावर. मीच काढला!"

तिने वेग कमी केला. पण गॅरेजला न वळता जीप थेट स्वतःच्या घरासमोर उभी केली.

आत दादा खिडकीपाशी शर्टाला बटण लावत बसला होता.

"त्याच्यासमोर बोला," जीपची किल्ली मुठीत धरून ती कंत्राटदाराला म्हणाली. "उद्या वकिलापुढेही हेच बोलायचंय."

तो जमिनीकडे बघत बोलला. चार-पाच वाक्यंच, तीही अडखळत. ती दाराला टेकून त्याच्या मानेवरचा घाम बघत होती. एकेक शब्द तिने चवीने ऐकला.

दादाने सुई कापडात खोचून ठेवली. कंत्राटदाराकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"म्हणजे मी बसवला होता," तो पुटपुटला. "इतके जण म्हणायला लागले, की मलाही वाटलं, विसरलोच असेन." मग मान वर करून त्याने बहिणीला विचारलं, "तुला तरी खात्री होती ना गं?"

तिला "हो" म्हणायचं होतं. तो सुटून आला त्याच आठवड्यात गॅरेजच्या किल्ल्या तिनेच त्याच्याकडून मागून घेतल्या होत्या. थोडी विश्रांती घे, असं म्हणून.

कंत्राटदार दारात घुटमळत होता.

"मी जाऊ?" त्याने विचारलं.

दादाने कापडातली सुई काढून पुन्हा बटण लावायला घेतलं.