घाडी ऑफ झाले

रामदास घाडी गुरुवारी दुपारी ऑफ झाले.

शुक्रवारी सकाळी ते भोईवाड्याच्या चाळीत खिडकीच्या गजाला आरसा टांगून दाढी करत होते. बायको बकुळा मागे उभी राहून, काल आपण फोनवर नक्की काय बोललो ते पुन्हा पुन्हा सांगत होती. घाडींनी तोंड धुतलं, खाकी शर्ट चढवला, बिल्ला लावला आणि डबा मागितला. ऑफ झालेल्या माणसाला डबा द्यायचा असतो का, याचा बकुळेने विचार केला नव्हता. घावणे आणि चटणी दिली.

लालबाग-परळकडे माणूस सहसा मरत नाही, ऑफ होतो. फोनही ऑफच होतो. घोळ तेवढाच होता.

घाडी परळच्या चंद्रोदय चेंबर्समध्ये लिफ्टमन. सात मजले, ओढायचा जाळीचा दरवाजा, पितळी हँडल. बटण दाबलं आणि पोचलो अशी ही लिफ्ट नाही. तिची फरशी मजल्याच्या फरशीला नीट लावायला हात लागतो, आणि तो हात पंचवीसेक वर्षं घाडींचा होता. पुढे इमारतीने सगळी माणसं एका एजन्सीकडे दिली आणि एजन्सीने सगळ्या माणसांच्या फोनमध्ये ॲप टाकलं. ते दर अर्ध्या तासाने चेहरा मागायचं आणि मधल्या वेळात माणूस कुठे आहे ते बघत बसायचं. मग तक्रारींसाठी दुसरं आलं. मग आरोग्यासाठी पावलं मोजणारं आलं. त्यात घाडींची तब्येत कायम चिंताजनक असायची, कारण लिफ्टमन चालत नाही. शिवाय डोंबिवलीला दिलेल्या मुलीने, सलोनीने, बाबा कुठे आहेत ते दिसावं म्हणून आपलं एक टाकून दिलं होतं.

बाबा एजन्सीला आणि सलोनीला, दोघांनाही, दिवसभर एकाच ठिपक्यावर दिसत. सकाळपासून निम्मं परळ वर-खाली करून झालं की फोन म्हणायचा, ‘आपण बराच वेळ हालचाल केलेली नाही.’ नकाशाला उंची कळत नव्हती.

एवढी सगळी ॲप्स एकदम जागी, त्यात लोखंडी पिंजऱ्यात नेटवर्क नाही, म्हणून फोन सतत टॉवर शोधत राही. तापून खिशात इस्त्रीसारखा लागे, आतली बॅटरी फुगून त्याची पाठ वर आली होती, आणि एकच्या सुमाराला तो मान टाकी. सुपरवायझर राहुलने सल्ला दिला की काका, मागची ॲप्स बंद करत जा. घाडींनी ते फारच मनावर घेतलं. प्रत्येक मजल्यावर ते अंगठ्याने सगळी ॲप्स ढकलून देत. मग हजेरीचं ॲप रागावे, ते परत उघडावं लागे, पहिल्यापासून चेहरा, पहिल्यापासून नकाशा. फोन आता बारालाच संपू लागला. आणि फोन बंद म्हणजे माणूस गैरहजर, असा एजन्सीचा नियम. महिन्यात तीनदा गैरहजर म्हणजे घरी. घाडींचं दोनदा झालं होतं.

गुरुवारी तिसरी वेळ येऊ घातली, तेव्हा राहुलने चांगुलपणाने, दादरच्या ऑफिसातून, घाडींच्या घरी फोन लावला. काका कुठे आहेत, लागत नाहीत, असं त्याने विचारलं.

“ते दुपारीच ऑफ झाले,” बकुळा म्हणाली. मिक्सर चालू होता.

राहुल खुर्चीतून उठला. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, असं अचानक कसं काय.

“अचानक कुठे? आतून सगळं फुगलं होतं. दाखवून या, दाखवून या म्हणून मी कधीची मागे लागलेय, पण ऐकतील तर शपथ. त्यात तुमचं ते ॲप. त्यानेच जीव खाल्ला.”

काही लागलं तर सांगा, असं राहुल कसाबसा म्हणाला. त्यावर बकुळा म्हणाली, आता काय, संध्याकाळी घरी आले की बघू.

घाडी त्या वेळी तिसऱ्या मजल्यावरून एका वकीलबाईंना खाली आणत होते.

संध्याकाळी त्यांनी फोन चार्जिंगला लावला. फोन जागा झाला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर समया येऊ लागल्या. स्थिर समया, हलत्या ज्योतीच्या समया, हार घातलेला त्यांचाच बिल्ल्यावरचा फोटो. पाचव्या मजल्यावरच्या हिशेबनिसांनी त्यांना मनमिळाऊ म्हटलं होतं. हा मनुष्य एवढ्या वर्षांत घाडींशी ‘पाचवा’ याखेरीज एक शब्द बोलला नव्हता. घाडींनी ‘मी जिवंत आहे’ असं टाइप केलं. पण दर सेकंदाला एक समया येत होती, त्यातल्या निम्म्या व्हिडिओ होत्या, आणि पाठवायच्या आत फोन पुन्हा ऑफ झाला. तो परत चालू होईपर्यंत राहुलने त्यांना ग्रुपमधून काढलं होतं. मृत माणसाला मेसेजचा त्रास नको, हा त्यामागचा विचार.

तर शुक्रवारी घाडी कामावर गेले. इमारतीतल्या बऱ्याच जणांना त्या सकाळी व्यायाम आठवला आणि ते जिन्याने वर गेले. वकीलबाई तेवढ्या नेहमीसारख्या आत आल्या, घाडींना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “तिसरा.” हजेरीच्या ॲपने चेहरा घेतला नाही. आपलं खातं बंद करण्यात आलं आहे, आपल्या सेवेबद्दल आभार, एवढंच तिथे होतं. घाडींनी फोन खिशात ठेवला आणि स्टुलावर बसून हँडल फिरवलं.

दुपार झाली. फोन थंडगार होता. आयुष्यात पहिल्यांदा जेवणानंतरही त्याची बॅटरी अर्ध्याहून वर होती. मेल्यावर कोणी आपल्याला शोधत नाही, हा एक फायदा घाडींच्या लक्षात आला.

चार वाजता राहुल स्वतः आला. तो पोरगा वाईट नव्हता. घाडी जिवंत असल्याचं त्याला सकाळीच कोणीतरी कळवलं होतं, तरी रात्रीच्या रडण्याने डोळे लाल होते. सातव्या मजल्यावर कमिटीला सांगायला निघाला होता की नवीन माणूस मिळेपर्यंत लिफ्ट बंद ठेवा. आणि सातवा मजला असल्याने तो लिफ्टनेच निघाला.

दरवाजा लागल्यावर तो म्हणाला, काका, माझी चूक, मान्य. पण सिस्टिममध्ये ‘मयत’ टाकलं की पुढे बटणच नाही. नवीन म्हणून भरती करता येईल, पण त्याला वयाची पंचेचाळीसची अट आहे.

“माझ्या हातात नाही ना, काका. सगळं वरून आहे.”

“कितव्या मजल्यावरून?” घाडींनी विचारलं.

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये त्यांनी हँडल सोडलं. लिफ्ट थांबली. समोर नुसती भिंत.

“काका, चालवा ना.”

“कोण चालवणार? मी ऑफ आहे.”

राहुलने फोन काढला. नेटवर्क नव्हतं. फोन टॉवर शोधू लागला आणि त्याच्या हातात गरम होऊ लागला. त्याच्या फोनमध्येही तेच ॲप होतं, सुपरवायझरचं म्हणून निळ्या रंगाचं. बॅटरी अकरा. थोड्या वेळाने तोही गैरहजर होणार होता.

“हे बघ राहुल,” घाडी स्टुलावर बसूनच म्हणाले, “एवढ्या वर्षांत या बिल्डिंगीत कोणी विचारलं नाही, घाडी आलाय काय म्हणून. लिफ्ट आली म्हणजे मी आलो. काल दुपारी लिफ्ट आली की नाही, जा, विचार एकेकाला. नाही आली म्हणाला एक जरी, तर मी आपल्या पायाने शिवडीच्या स्मशानात जातो. तुला त्रास नाय.”

राहुलने फोन जाळीला लावून पाहिला. वरून कोणीतरी जाळी वाजवत होतं.

“तर मग ही भानगड तू मिटवणार की मी?” घाडी म्हणाले.

शेवटी राहुल म्हणाला, अर्ज द्या, मी फॉरवर्ड करतो. घाडी म्हणाले, माझ्याकडे कागद नाही, तूच लिही. राहुलने एकेक ॲप ढकलून दिलं, उरलेल्या बॅटरीत मावेल अशा बेताने बोटं चालवली, आणि घाडी भिंतीकडे बघत, एकाही शब्दाला न अडखळता, सांगत गेले:

‘महोदय, मी गुरुवारी दुपारपासून मयत असल्याचे आपल्याकडून समजले. आपला निर्णय मान्य केल्यास, तेव्हापासून आजपर्यंत मी वर नेलेल्या सर्व व्यक्ती नियमानुसार वर गेलेल्याच नाहीत. तरी एजन्सीने सदर व्यक्तींना वरील सर्व मजल्यांवरून जिन्याने खाली आणून, तळमजल्यावर रांगेत उभे करून, एखाद्या जिवंत कर्मचाऱ्याकडून पुन्हा रीतसर वर पोचवावे, व त्या कामी सदर जिवंत कर्मचारी म्हणून माझीच नेमणूक करावी, ही नम्र विनंती.’